दात सरळ करणारा वाकडा माणूस

गेल्या वर्षी मे महिन्याच्या सुट्टीत लेकीला घेऊन जिल्ह्याच्या गावी दातांच्या डॉक्टरकडे गेले होते. आमच्या तालुक्याच्या गावात दात काढणारे, चांदी भरणारे, कवळी बसवणारे डॉक्टर आहेत; पण तारा लावायच्या म्हटलं की एसटी पकडून दीड तास जावं लागतं. लेक तेरा वर्षांची. वरचे दात पुढे, खालचे दाटीवाटीने एकमेकांवर चढलेले. डॉक्टर म्हणजे एक तरुण मुलगी, माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाची. तिने आरसा घातला, गालाला चिमटा लावला, इकडून तिकडून पाहिलं आणि मदतनीस मुलीला कागदावर लिहून घ्यायला सांगितलं, अँगल, क्लास टू.

माझा चेहराच पडला. म्हटलं, अहो डॉक्टर, दातांतसुद्धा सेकंड क्लास? आणि अँगल म्हणजे कुठला कोन मोजलात तुम्ही?

ती खळखळून हसली. म्हणाली, काकू, अँगल म्हणजे कोन नाही, माणूस आहे तो. त्याचं आडनाव. शंभर वर्षांहून जास्त झाली, पण आम्ही रोज त्याचं नाव घेतो.

हसण्यावारी गेलं खरं, पण पुढचं वाक्य हसण्यासारखं नव्हतं. जबड्यात जागा कमी आहे, चार दात काढावे लागतील असं ती म्हणाली. किडलेले नव्हे, चांगले, धडधाकट दात. वरचे दोन, खालचे दोन, सुळ्याच्या मागच्या उपदाढा.

घरी आल्यावर काय झालं असेल ते मैत्रिणींनो, तुम्हाला वेगळं सांगायला नको. सासूबाईंनी कपाळाला हात लावला. देवाने दिलेले चांगले दात उपटून टाकायचे? दात काढले की नजर अधू होते, ही चुलत सासूबाईंची भर. (तसं काही होत नाही बरं का! डॉक्टरांना मी हाही प्रश्न विचारून घेतला.) ह्यांनी गप्प बसून पैशांचा हिशेब मांडला. आणि लेक? ती आरशासमोर उभी राहून ओठ मिटून हसण्याचा सराव करत होती. तो सराव मी ओळखते. मी तो तीस वर्षं केलाय. माझे दातही असेच पुढे. शाळेच्या ग्रुप फोटोत मी तोंडावर हात धरलेला आहे. मला बघायला आलेल्या दोन ठिकाणांहून आलेला नकार दातांमुळे होता, हे मला आईने कधी सांगितलं नाही, पण मामी बोलून गेली. आजही मोठ्याने हसू आलं की पदर नाहीतर ओढणी आपोआप तोंडाकडे जाते.

तर चार दात काढायचे की नाही, हा प्रश्न घरात लोंबकळत पडला. दुसऱ्या खेपेला गेले तेव्हा डॉक्टरला म्हटलं, ज्याच्या नावाने माझ्या लेकीला सेकंड क्लास दिलात, तो माणूस तरी कोण ते सांगा. तिने तिच्याकडचं एक जाडजूड पुस्तक आणि काही झेरॉक्स हातात दिल्या. डिक्शनरी शेजारी घेऊन, दुपारच्या वेळात, मी ते वाचत गेले. आणि गंमत म्हणजे, माझ्या प्रश्नाशी हा माणूस जन्मभर भांडत होता असं दिसलं!

एडवर्ड हार्टली अँगल. जन्म 1 जून 1855, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात, हेरिक नावाच्या खेड्यात. शेतकऱ्याचं घर, सात भावंडं, हा पाचवा. शाळेत फारसं लक्ष नाही, पण हातात हत्यार दिलं की पोरगं तासन् तास रमायचं. मोडलेलं अवजार दुरुस्त कर, नवं काही जुळव, हा नाद. अभ्यासात मागे पण हाताने हुशार अशी मुलं आपल्याही घरात असतात. आपण त्यांना ओरडतो. त्याच्या आईने म्हणे वेगळा विचार केला. एवढी बोटं चालतात तर दातांचं काम शीक, म्हणून तिनेच त्याला त्या वाटेला लावलं असं सांगतात. त्या काळी दातांचं काम बरंचसं कारागिरीचंच होतं. आधी एका डॉक्टरच्या हाताखाली उमेदवारी, मग फिलाडेल्फियाच्या दंतवैद्यक कॉलेजात शिक्षण. 1878 मध्ये पदवी मिळाली आणि जवळच्याच टोवांडा गावी त्याने दवाखाना थाटला.

पण तब्येतीने दगा दिला. छातीचं दुखणं जडलं. हवापालटासाठी 1881 मध्ये तो मिनियापोलिसला गेला. मध्येच दातांचं काम सोडून भावाबरोबर मोंटानात मेंढ्या पाळायचा घाट घातला. तिथल्या भयंकर हिवाळ्याने तो धंदा बुडवला. हात हलवत परत आला आणि पुन्हा दातांकडे वळला. मेंढ्या जगल्या असत्या तर माझ्या लेकीच्या कागदावर आज कोणाचं नाव असतं कोण जाणे!

आता त्या काळी वाकडे दात सरळ कसे करत, ते ऐका. दातांवर हळूहळू पण सतत दाब दिला की दात हाडातून सरकतो, हे माणसाला जुनंच ठाऊक आहे. ज्या बाजूला दाब पडतो तिथलं हाड विरघळत जातं, मागे राहिलेल्या जागेत नवं हाड भरत येतं. 1728 मध्ये पिअर फोशार या फ्रेंच दंतवैद्याने घोड्याच्या नालेच्या आकाराची धातूची पट्टी वापरून, तिला दोऱ्याने दात बांधून ते ओढायची रीत पुस्तकात लिहिली होती. पुढे स्क्रू आले, स्प्रिंगा आल्या, रबर आलं. पण सगळ्यात मोठी अडचण ही, की प्रत्येक डॉक्टर प्रत्येक पेशंटसाठी सगळं नव्याने घडवत बसायचा. सोनाराने दर गिऱ्हाइकासाठी सोनं गाळण्यापासून सुरुवात करावी, तसं. ज्याचा हात चांगला त्याचं काम चांगलं. बाकीचे वाटेलाच जात नसत.

अँगलची शेतकरी बुद्धी इथे चालली. त्याने विचार केला, की लागणाऱ्या वस्तू मोजक्याच आहेत. दाताला घट्ट बसणारी पट्टी, तिच्यावर बसवायची बारीक नळी, ढकलणारा स्क्रू, ओढणारा स्क्रू, तार आणि ते फिरवायला चिमुकला पाना. हे सुटे भाग आधीच एका मापात तयार करून ठेवले तर? मग कुठल्याही गावच्या डॉक्टरने पेटी उघडायची, हवे ते भाग उचलायचे आणि जोडायचे. शिलाई मशीनच्या सुट्या भागांसारखं! 1887 मध्ये वॉशिंग्टनला भरलेल्या आंतरराष्ट्रीय वैद्यक परिषदेत बत्तीस वर्षांच्या अँगलने आपली ही पद्धत मांडली. नामांकित मंडळी तुटून पडली. कोणी कल्पना चोरल्याचं म्हटलं, कोणी त्याच्या स्वस्त धातूला नाकं मुरडली. कारण तो सोन्याऐवजी जर्मन सिल्व्हर वापरत होता. (आपल्याकडे जर्मनची भांडी म्हणतात ती ॲल्युमिनियमची, ती वेगळी. हे तांबं, जस्त आणि निकेल यांचं मिश्रण. नावात सिल्व्हर असलं तरी त्यात चांदी औषधालासुद्धा नाही!) अँगल काही ऐकून घेणारा नव्हता. त्याच साली त्याचं पुस्तक आलं. वीस वर्षांत त्या पुस्तकाच्या सात आवृत्त्या झाल्या आणि दर आवृत्तीत ते जाड होत गेलं. त्याचे भाग आणि हत्यारं एक मोठी कंपनी तयार करून विकू लागली, त्यांची पेटंटंही त्याने घेतली.

मिनेसोटा विद्यापीठात, मग शिकागोत, सेंट लुईसला असं तो शिकवत राहिला. 1890 च्या दशकात बाकी सगळी दातांची कामं सोडून फक्त वाकडे दात सरळ करायचं काम त्याने धरलं. या एकाच कामाला वाहून घेतलेल्या पहिल्या काही डॉक्टरांत त्याचं नाव येतं. कॉलेजांनी या विषयाला स्वतंत्र जागा द्यावी म्हणून तो भांडला. कॉलेजं दाद देईनात, तेव्हा 1900 साली सेंट लुईसमध्ये त्याने स्वतःचीच शाळा काढली. डॉक्टर झालेल्यांनी यायचं, काही आठवडे फक्त हाच विषय शिकायचा. त्याच वर्षी या कामातल्या डॉक्टरांची अमेरिकेतली संघटनाही त्याच्याच पुढाकाराने उभी राहिली.

आता आपल्या सेकंड क्लासकडे वळू. 1899 मध्ये अँगलने एक साधी युक्ती सांगितली. सहाव्या वर्षाच्या सुमारास मुलांना पहिली कायमची दाढ येते. वरच्या त्या दाढेचा पुढचा उंचवटा खालच्या दाढेच्या खाचेत नीट बसला, तर जबड्यांची बैठक बरोबर. तरीही पुढचे दात वाकडे असतील तर तो क्लास वन. खालची दाढ असायला हवी त्यापेक्षा मागे राहिली, तर क्लास टू. पुढे गेली, तर क्लास थ्री. डब्याचं झाकण नीट बसलंय, पुढे आलंय की मागे गेलंय, एवढंच बघायचं! पास-नापासाचा संबंध नाही. त्याआधी डॉक्टर नुसतं दात वाकडे एवढंच म्हणत. वाकडेपणाला नाव मिळालं तसं एका डॉक्टरचं बोलणं दुसऱ्याला कळू लागलं. म्हणूनच अमेरिकेतल्या त्या माणसाचं नाव आमच्या जिल्ह्याच्या दवाखान्यात कागदावर चढलं.

आणि आता ज्या गोष्टीसाठी मी हे सगळं वाचत होते ती. दात काढायचे की नाही? अँगलचं उत्तर ठाम होतं. नाही म्हणजे नाही! निसर्गाने दिलेले सगळेच्या सगळे दात जबड्यात बसलेच पाहिजेत, आणि ते नीट बसवले की चेहराही आपोआप शोभून दिसेल, असं त्याचं मत होतं. त्याच्याकडे एक कवटी होती, एकही दात न पडलेली, अगदी रांगेत बसलेल्या दातांची. तिला त्याने लाडाने ओल्ड ग्लोरी असं नाव ठेवलं होतं आणि पुस्तकात आदर्श म्हणून छापलं होतं. सुंदर चेहरा कोणता हे ठरवायला तो सेंट लुईसच्या वुर्पेल नावाच्या चित्रकाराकडे गेला. त्याला वाटलं होतं, ग्रीक पुतळ्यासारखं एक माप मिळेल. चित्रकाराने त्याला समजावलं, की असं एकच माप नसतं, प्रत्येक चेहऱ्याचा आपला आपला मेळ असतो. ही गोष्ट वाचताना मी पुस्तक खाली ठेवून थोडा वेळ बसले. मला बघायला आलेल्यांना असा एखादा चित्रकार भेटला असता तर बरं झालं असतं.

हे वाचून झाल्यावर मी अगदी विजयी मुद्रेने सासूबाईंना म्हटलं, तुमचंच खरं, या शास्त्राचा जो बाप, तोही दात काढू नका म्हणतो. पण पुस्तक अजून संपलेलं नव्हतं.

स्वभावाने माणूस भारी वाकडा. त्याच्या शब्दाबाहेर कोणी गेलेलं खपायचं नाही. कॅल्व्हिन केस नावाचा तेवढाच नामांकित डॉक्टर म्हणत होता, की काही थोड्या पेशंटांत दात काढल्याशिवाय गत्यंतर नसतं. 1911 मध्ये यावर मोठा जाहीर वाद झाला. अँगलच्या बाजूने त्याचा विद्यार्थी ड्युई उभा राहिला. त्यानंतर बरीच वर्षं अमेरिकेत अँगलचाच शब्द चालला. ज्या संघटनेला त्याने जन्म दिला तिच्याशीही पुढे त्याचं पटलं नाही. जवळचे विद्यार्थी दुरावले. लिहितालिहिता मला आमच्या गावातले एक जुने मास्तर आठवले. विद्या अफाट, पण एका वाक्यावरून नातं तोडणारे. अशांच्या घरातल्या बायकांचं काय होत असेल?

तर अँगलच्या घरातल्या बाईची गोष्ट ऐकाच. पहिलं लग्न टिकलं नाही. त्या लग्नाची एक मुलगी होती. ॲना हॉपकिन्स ही आधी त्याची सेक्रेटरी. पत्रं लिहायची, नोंदी ठेवायच्या, हे तिचं काम. पण नुसतं लिहून घेण्यावर तिचं समाधान झालं नाही. ती आयोवा विद्यापीठात गेली आणि 1902 मध्ये स्वतः दातांची डॉक्टर होऊन आली. ज्या काळात बायकांना दवाखान्यात पेशंट म्हणूनही एकटं जायला धीर लागे, त्या काळात! 1908 मध्ये दोघांचं लग्न झालं. शाळा सेंट लुईसहून न्यूयॉर्कला, तिथून न्यू लंडनला आणि शेवटी 1916 नंतर कॅलिफोर्नियात पासाडेनाला गेली, तरी तिचा भार ॲनाने वाहिला. तापट मास्तर आणि भेदरलेले विद्यार्थी यांच्या मधे उभी असायची ती. विद्यार्थी तिला मदर अँगल म्हणत. पुस्तकाच्या पाठीवर नाव एकाचंच असतं, पण किती हात त्याच्या मागे असतात हे आपल्याला सांगायला नको.

आता त्याच्या हत्यारांची गोष्ट, कारण खरा अँगल तिथे दिसतो. त्याची पहिली गाजलेली तार दातांच्या बाहेरून कमानीसारखी जायची. दोन्ही टोकांना आटे, त्यावर चिमुकले नट. दाढेच्या पट्टीवरच्या नळीत टोक घालायचं आणि नट फिरवला की कमान पुढे सरकायची. दात बारीक तारेने तिला बांधलेले, ते मागोमाग यायचे. बांधायला सोपं, पण एक खोट होती. दात नुसता कलायचा, मूळ जागच्या जागी राहायचं. कुंपणाचा खांब वरून ओढला तर तिरका होतो, सरळ उभा सरकत नाही, तसंच.

अँगलला ते सलत राहिलं. 1910 च्या सुमारास त्याने दर दाताला उभी नळी आणि तारेला जोडलेली पिन अशी रचना केली. मूळ हलायला लागलं, पण दर खेपेला पिन सोडवून पुन्हा जागा बदलून डाख द्यायचा! इतकं किचकट, की फार थोड्यांना जमलं. आपलंच हत्यार बहुतेकांच्या हाताला झेपत नाही हे त्याने ओळखलं आणि त्या रचनेला चिकटून न राहता पुढे गेला. एरवी कुणापुढे न नमणारा माणूस हाताच्या अडचणीपुढे मात्र नमत होता, हे मला फार आवडलं. 1915-16 मध्ये फितीसारखी चपटी तार आली. दाताला चिकटलेल्या पट्टीवर छोटी खाच, तिच्यात तार ठेवायची आणि पिनेने अडकवायची. घालायला-काढायला सोपी. पण तरीही मुळांवर दोन्ही बाजूंनी ताबा मिळेना.

1925 मध्ये सत्तरीच्या अँगलने शेवटचा बदल केला. खाच आडवी केली, तिचं तोंड ओठाच्या बाजूला उघडं ठेवलं आणि चौकोनी तार कडेवर उभी करून तिच्यात बसवली. खाचेचं माप एका बाजूने 0.022 इंच, दुसऱ्या बाजूने 0.028 इंच. म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून थोडी जास्त! चौकोनी खिळा चौकोनी भोकात बसला की जसा फिरू शकत नाही, तशी ही तार खाचेत पक्की बसते. तारेला जो पीळ द्याल तो थेट दाताच्या मुळापर्यंत पोचतो. वर-खाली, आत-बाहेर, कलवणं, फिरवणं, सगळं एकाच तारेतून. 1928 मध्ये त्याने ही रचना छापून जगापुढे मांडली. 11 ऑगस्ट 1930 रोजी सांता मोनिकात तो गेला. मागाहून सोन्याच्या तारा जाऊन स्टीलच्या आल्या. दर दाताला पट्टी बसवण्याऐवजी खाचेचा तुकडा थेट दातावर चिकटवायची सोय झाली. 1970 च्या सुमारास लॉरेन्स अँड्र्यूज या डॉक्टरने तारेतले बरेचसे वळसे त्या तुकड्यातच आधीपासून घालून ठेवले, म्हणजे डॉक्टरची वाकवावाकवी कमी झाली. पण आडवी खाच आणि चौकोनी तार? ती कल्पना आजही अँगलचीच.

आणि दात काढण्याचं काय झालं? ते झालं त्याच्याच शिष्यांच्या हातून. ऑस्ट्रेलियाचा रेमंड बेग पासाडेनाला शिकून मायदेशी गेला. काही वर्षांतच त्याला दिसलं, की दाटी फार असलेल्या जबड्यात सगळे दात कोंबले की ते फिरून वाकडे होतात. तो दात काढू लागला. ॲरिझोनाचा चार्ल्स ट्वीड तर गुरूचा निस्सीम भक्त. सगळे दात ठेवून त्याने काम केलं. पण तयार झालेले चेहरे त्याला स्वतःलाच आवडेनात. तोंडं पुढे आलेली, दात टिकत नाहीत. मग त्याने त्याच पेशंटांच्या चार उपदाढा काढून पुन्हा काम केलं आणि 1940 मध्ये आधीचे आणि नंतरचे असे शंभर पेशंटांचे साचे लोकांपुढे ठेवले. आपली चूक मांडून दाखवायला केवढी छाती लागते! आणखी एक गोष्ट. डोक्याचा बाजूने काढलेला, मोजमाप करता येईल असा एक्स-रे हा अँगलचाच विद्यार्थी ब्रॉडबेंट याने 1931 मध्ये छापला, तोही अँगलच्या नावाने निघालेल्या नियतकालिकात. म्हणजे गुरू गेल्याच्या दुसऱ्या वर्षी. अँगलला तो बघायलाच मिळाला नाही.

तिसऱ्या खेपेला मी हे सगळं डोक्यात घेऊन गेले. डॉक्टरला स्पष्ट विचारलं, तुमचा अँगल तर नाही म्हणतो, मग तुम्ही का हो म्हणता? ती चिडली नाही. तिने लेकीचा एक्स-रे उजेडाच्या काचेवर लावला, पातळ कागद ठेवून रेघा काढल्या, साच्यावर दातांच्या रुंदीची बेरीज करून दाखवली. जागा एवढी, दात एवढे. साडीला ब्लाऊजपीस पुरत नाही हे जसं मापल्यावर दिसतं, तसं मलाही दिसलं. ती म्हणाली, सगळ्यांचेच दात काढायचे असं नाही आणि कोणाचेच काढायचे नाहीत असंही नाही. याच महिन्यात दोन मुलांना तिने न काढता तारा लावल्यात. मापावर ठरतं.

त्या दिवशी मी तिच्या हत्यारांकडेही नीट पाहिलं. ट्रेमध्ये दहा-बारा पकडी मांडलेल्या. एकीची टोकं पक्ष्याच्या चोचीसारखी, एक गोल, एक चौकोनी. बारीक तारेला वळसा द्यायला ती. या पकडीला अँगलचंच नाव आहे म्हणे. दुसरी तार कापणारी, पण कापलेला तुकडा धरूनही ठेवणारी, म्हणजे तो घशात किंवा गालात जाऊ नये. दोन-तीन हत्यारांच्या दांड्यांवर तिने सिलिकॉनची जाडसर नळी चढवली होती. विचारलं तर म्हणाली, हात लहान आहेत माझे. दिवसभर बारीक दांडी घट्ट धरून धरून अंगठ्याच्या मुळाशी कळ येते, पोळ्या लाटताना लाटणं धरवत नाही. दांडी जाड केली की पकड सैल ठेवली तरी चालते. मला विळीला फडकं गुंडाळून नारळ खवणारी माझी आई आठवली. हात हत्याराला जुळवून घेतो तसं कधी कधी हत्यारालाही हाताशी जुळवून घ्यावं लागतं. अँगलने तरी पन्नास वर्षं दुसरं काय केलं?

घरी येऊन मी कागदावरच्या त्या रेघा सगळ्यांसमोर ठेवल्या. सासूबाईंनी चष्मा लावून पाहिल्या. बोलल्या काही नाहीत, पण नाहीही म्हणाल्या नाहीत. शेवटी मी लेकीला विचारलं. इतके दिवस आम्ही सगळे बोलत होतो, पण तोंड जिचं तिला कोणी विचारलंच नव्हतं! ती म्हणाली, लग्नासाठी नको, मला चकली दाताने तोडता येत नाही म्हणून करू या. मी हसले, आणि माझा हात सवयीने तोंडाकडे गेला.

चार दात दोन खेपांत काढले. पैसे हप्त्याहप्त्याने भरतोय. पहिले आठ दिवस पोरगी वरणभात आणि खिरीवर होती, गालाला आतून तार टोचायची तिथे मेण लावायची. आता दर महिन्याला आम्ही एसटीने जातो. अजून वर्ष तरी लागेल. तिच्या दातांवर चिमुकले चौकोन बसलेत आणि त्यांच्या आडव्या खाचांतून तार गेलीय. तार लावल्याने ती तोंड लपवेल अशी मला भीती होती. परवा शाळेच्या स्नेहसंमेलनाचा फोटो आला. दुसऱ्या रांगेत, डावीकडून चौथी. तोंड उघडं टाकून हसतेय आणि फ्लॅशमध्ये सगळी तार चमकतेय.

तो फोटो मी फ्रीजवर लावलाय. आणि हो, पुढच्या खेपेला डॉक्टरला विचारणार आहे, बेचाळिसाव्या वर्षी माझा क्लास कोणता ते जरा बघता का?